नवे स्पीकर परत करू का?

बी ३०४: मंडळी, सल्ला हवाय. नवे बुकशेल्फ स्पीकर आणलेत, जुन्या जोडीशेजारीच मांडलेत. फार पातळ वाजतायत, डग्गा तर ऐकूच येत नाही. परत करायची मुदत उद्या संपतेय.

सी २०१: घाई करू नकोस रे. दोन्हींची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर किती मोठ्याने वाजतात, ते माहितीपत्रकात बघ.

बी ३०४: जुने ८८ डेसिबल, नवे ८४. काका, व्हॉल्यूमचं बटण मी हलवलं नव्हतं.

सी २०१: तिथेच गडबड झाली. ४ डेसिबल भरून काढायला अँप्लिफायरला जवळजवळ अडीचपट पॉवर द्यावी लागते. आणि जो जरा मोठ्याने वाजतो तोच आपल्या कानाला चांगला वाटतो. आवाज कमी झाला की खर्ज सगळ्यात आधी हरवतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप घे. तू बसतोस तिथे कानाच्या उंचीवर मोबाइल ठेव, पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) लाव आणि दोन्ही जोड्या एकाच आकड्यावर आण. बटणाच्या दोन्ही जागांवर पेन्सिलीने खूण कर. आणि शेजारी शेजारी नको मांडूस. कोपऱ्याजवळच्याचा खर्ज फुगतो. त्याच जागेवर आलटून पालटून ठेव, ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा भोंगा, कानाच्या रेषेत.

ए १०२: मला एक सांग, नव्या जोडीत गायिकेचा आवाज बरोबर मधून येतो का?

बी ३०४: नाही ताई. डोक्याभोवती कुठूनही आल्यासारखा वाटतो.

ए १०२: मग एका स्पीकरच्या तारा उलट लागल्यात. एका स्पीकरचा हलणारा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, खर्ज आपसातच संपतो. लाल-काळी बघ आधी.

बी ३०४: ताई!! उजव्याची लाल तार काळ्यात होती. आता आवाज मधोमध आला आणि डग्गाही!

ए १०२: 👏👏

सी २०१: छान! आता खरी तुलना होईल. पण निवडणाऱ्याला स्पीकर दिसू देऊ नकोस. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना पडद्याआडून ऐकवले आणि समोर ठेवूनही, तर गुण बदलले! नवं, महागाचं आणलंय म्हटल्यावर मन आधीच एका बाजूला झुकतं. झाकायला विरळ कापड घे. जाड चादर ट्वीटरचा आवाज गिळते. आणि गाण्याचे तुकडे छोटे घे, अर्ध्या मिनिटाचे. पहिला कसा वाजला होता ते फार वेळ लक्षात राहत नाही.

ई १०३: पाण्याची टाकी धुणार आहेत का आज?

ए १०२: उद्या सकाळी. बादल्या भरून ठेवा.

बी ३०४: आईला बसवलं. पडद्याला उरलेली जाळी पुढे टाकली, आवाज मोजून सारखा केला, सहा वेळा अदलाबदल केली. पाच वेळा तिने नवे निवडले. म्हणाली, यात गायिका श्वास घेते तेसुद्धा कळतं. परत करत नाही.

सी २०१: फार छान वाटलं वाचून. आणि ती एक वेळ?

बी ३०४: नुसता तबला होता काका. डग्ग्याची घुमार जुन्यात जास्त वेळ टिकते म्हणाली. मलाही तसंच वाटलं, म्हणून जुनी जोडी माळ्यावर टाकत नाहीये.