मदत हवी आहे: केनियात जंगल आणि समुद्र एकाच सहलीत, सोबत सासूबाई आणि चौथीतला मुलगा

सोनचाफा_कराड

नमस्कार मंडळी,

केनियाला जायचं आता घरात नक्की झालंय. आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालतात, पण गाडीत गचके बसले की कंबर धरते. मुलाला हत्ती आणि सिंह बघायचेत. सासूबाईंचं माहेर गुहागरचं. आपल्या समुद्राच्या पलीकडचा किनारा एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि ती मला मनापासून पुरी करायची आहे.

हातात नऊ रात्री आहेत, मुंबईहून निघणार. एका टूरवाल्याने दिलेला आराखडा असा: नैरोबीला उतरून गाडीने मसाई मारा, तिथे दोन रात्री. मग नाकुरू एक रात्र, अंबोसेली एक रात्र, पुन्हा नैरोबी, तिथून विमानाने मोम्बासा आणि शेवटी दियानी बीचला दोन रात्री. कागदावर भरगच्च दिसतं, पण सासूबाईंचा विचार करते तेव्हा पोटात गोळा येतो.

मारा वगळून त्सावोचं जंगल केलं तर मुलाला प्राणी कमी दिसतील का? मेच्या सुट्टीत जावं, दिवाळीत की नाताळात? यलो फीवरची लस या वयात चालते का? टांझानियातलं सेरेंगेटी आणि झांझिबार हा पर्याय जास्त बरा आहे का? आम्ही दोघी शाकाहारी आहोत. तारांकित थाट नको, स्वच्छ आणि सुरक्षित जागा हवी. जे जाऊन आलेत किंवा तिकडे राहतात त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

आथी_नदी

सोनचाफा ताई, मी नैरोबीत राहतो, नोकरीनिमित्त इथे बरीच वर्षं आहे. तुमच्या आराखड्यात बघण्यापेक्षा रस्ताच जास्त आहे. नैरोबी ते मारा पाच-सहा तास, मारा ते नाकुरू जवळपास तितकेच, नाकुरू ते अंबोसेली त्याहूनही जास्त. गेटच्या आतले रस्ते कच्चे. काकूंच्या कंबरेला हे झेपणार नाही, आणि मुलगाही तिसऱ्या दिवशी सिंह समोर असताना झोपलेला असेल.

मारा सुंदर आहे, वादच नाही. पण त्याची खरी कीर्ती जुलै ते ऑक्टोबरमधल्या स्थलांतराची, म्हणजे सेरेंगेटीतून वाइल्डबीस्ट नावाच्या गवतखाऊ प्राण्यांचे कळप नदी ओलांडून येतात तेव्हाची. मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढांना जुलै ते डिसेंबर दिवसाला माणशी २०० डॉलर आहे. जानेवारी ते जून ते १०० असतं. दिवाळीच्या सुमारास कळप बहुतेक परत गेलेले असतात, दर मात्र चढाच राहतो. तुमच्या नऊ रात्रींत मारा आणि समुद्र दोन्ही नीट बसवायचं तर मारा विमानाने करावं लागेल. त्या छोट्या विमानांत सामान माणशी १५ किलोपर्यंत, तेही मऊ पिशवीत, आणि खर्च बराच वाढतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: त्सावो आणि दियानी. नकाशा समोर घ्या. नैरोबी–मोम्बासा महामार्ग आणि रेल्वे त्सावोच्या मधूनच जातात, एका बाजूला त्सावो ईस्ट, दुसऱ्या बाजूला त्सावो वेस्ट. दोन्ही मिळून २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून बरंच मोठं जंगल. १९४८ साली ते संरक्षित झालं. समुद्राकडे जाताना वाटेतच लागतं, त्यामुळे मागे फिरावं लागत नाही.

आणि गाडीने येऊच नका, रेल्वेने या. ही नवी लाइन २०१७ साली सुरू झाली. नैरोबीचं स्टेशन स्योकिमाऊला, विमानतळाच्या बाजूला आहे. पहिली रात्र तिथेच आसपास काढा. सकाळची गाडी मधल्या स्टेशनांवर थांबते, त्यात वोई आहे. एक्सप्रेस घेऊ नका, ती वोईला थांबेलच असं नाही. दुपारी वोईला उतरलात की तुमचा ड्रायव्हर उभा असेल आणि त्सावो ईस्टचं वोई गेट तिथून अगदी जवळ आहे. काकूंचे सहा तासांचे गचके आणि ट्रकांची रांग दोन्ही वाचतात. म्तितो अंदेई स्टेशन गेलं की खिडकी सोडू नका, रेल्वेतूनच हत्ती दिसतात.

तिकिटं बाहेरून काढताना पैसे भरण्याची अडचण येते, कारण इथे सगळं एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे भरण्याच्या इथल्या सोयीवर चालतं. सफारीवाल्यालाच काढायला सांगा. स्टेशनवर सामानाची तपासणी कडक असते, तासभर आधी पोचा.

रानवाट

आथी_नदी यांच्याशी सहमत, पण एक गोष्ट सांगायला हवी. त्सावो ईस्टमध्ये प्राणी मारासारखे गाडीला खेटून दिसत नाहीत. जंगल अफाट आहे, झुडपं आहेत, ड्रायव्हरला शोधावं लागतं. मला तेच आवडतं, पण दहा मिनिटांत सिंह हवा असलेल्या मुलाला आधीच समजावून ठेवा.

हत्तींसाठी मात्र त्सावोच. तिथली माती लोहामुळे लालबुंद आहे आणि हत्ती तिच्यात लोळतात, अंगावर उडवून घेतात, त्यामुळे आख्खा कळप विटकरी रंगाचा दिसतो. अरुबा धरणावर संध्याकाळी असे कळप पाण्यावर येतात. उंच मानेचं गेरेनुक हरीण मागच्या पायांवर उभं राहून पाला खातं, तेही इथे बघायला मिळतं. इथल्या नर सिंहांना आयाळ बहुधा विरळ असते. १८९८ साली त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना ज्या दोन सिंहांनी हिंदुस्तानातून आणलेल्या मजुरांवर महिनोन्‌महिने दहशत बसवली, त्यांनाही आयाळ नव्हती. पूल बांधणाऱ्या पॅटरसनने डिसेंबरात दोघांना मारलं. ते आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. मुलाला निघण्याआधी ही गोष्ट सांगा, रेल्वे तो भाग ओलांडेल तेव्हा तो डोळे फाडून बघेल.

एक रात्र त्सावो वेस्टला द्या. म्झिमा झऱ्याचं पाणी च्युलू टेकड्यांच्या ज्वालामुखी खडकातून गाळून येतं, काचेसारखं नितळ. पाण्याखाली बांधलेल्या खोलीतून मासे दिसतात, नशीब असेल तर पाणघोडा. मोम्बासा शहराला याच झऱ्याचं पाणी नळाने जातं. तिथे गाडीतून उतरून सावलीत थोडं चालता येतं, काकूंना पाय मोकळे करायला बरं.

आणि लॉज निवडताना पाणवठ्यावरचंच निवडा. त्सावो वेस्टला किलागुनी, ईस्टला वोई सफारी लॉज किंवा अरुबाजवळची लॉज. सकाळी तुम्ही तिघं गेम ड्राइव्हला, म्हणजे गाडीतून प्राणी बघायला जा, काकू ओसरीत चहा घेत बसतील आणि हत्ती समोर येतील. हे मी उगाच धीर द्यायला लिहीत नाही, वयस्क माणसांसाठी त्सावोचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

सोनचाफा_कराड

रानवाट, शेवटचा परिच्छेद वाचून खूप हलकं वाटलं. "आई गाडीतच बसून राहतील" हीच माझी मोठी काळजी होती. पण अंबोसेली पूर्ण सोडायचं का? किलिमांजारोच्या पायथ्याशी हत्ती, असा फोटो मुलाने भिंतीवर लावलाय.

आथी_नदी

नुसते तुम्ही तिघं असता तर मी अंबोसेली–त्सावो वेस्ट–त्सावो ईस्ट–दियानी असंच सांगितलं असतं. तो उत्तम मार्ग आहे. पण मग पहिल्या दिवशी रस्त्याने चार-पाच तास आणि पुढे अंबोसेलीहून त्सावोला जाणारा खडबडीत रस्ता, हे दोन्ही आलंच. शिवाय ५,८९५ मीटरचा तो डोंगर दिवसभर ढगात असतो, बहुधा पहाटे आणि संध्याकाळी उघडतो. एकाच रात्रीत दिसेल याची खात्री नाही. दोन रात्री देता येत असतील तरच जा.

मध्यरेषा

सेरेंगेटी–झांझिबार आम्ही केलंय. अप्रतिम आहे, पण मध्ये विमान घ्यावंच लागतं आणि खर्च केनियाच्या या मार्गापेक्षा खूपच जास्त. झांझिबारला ऑक्टोबर २०२४ पासून तिथलाच प्रवासविमा सक्तीचा आहे, मोठ्या माणसाला ४४ डॉलर. तुमचे दिवस आणि सोबत बघता केनियाच बरं.

काढा_आणि_गोळी

मी डॉक्टर आहे, म्हणून लसीबद्दल लिहितो. बाकी सगळं ठरवण्याआधी हे ठरवा.

भारतातून थेट केनियात शिरताना यलो फीवरचं कार्ड सहसा मागत नाहीत. ते परतताना मुंबईला लागतं. वैध कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं, पासपोर्ट न्यावा लागतो. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. मुलाच्या वयाला अडचण नाही.

सासूबाईंचं वेगळं आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम क्वचितच होतात, पण तरुणांपेक्षा जास्त. म्हणून "सगळे घेतात, तुम्हीही घ्या" असं करू नका. त्या स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेतात का, थायमस ग्रंथीचा काही आजार होऊन गेला आहे का, अंड्याची तीव्र ॲलर्जी आहे का, हे सगळं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा आणि त्यांनी हो म्हटलं तरच लस. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा. ही विनंती समजा.

दुसरं, मलेरिया. नैरोबीत धोका कमी, पण त्सावो आणि किनारा दोन्हीकडे आहे. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. कोणती गोळी, किती, हे वजन आणि चालू औषधं बघून ठरतं, तेव्हा मुलासाठीही डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी लांब बाह्या आणि डासांचं मलम, दोन्ही हवं.

खाजणातली_होडी

ऋतूबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आमचं वास्तव्य मोम्बासात होतं.

मेमध्ये येऊ नका. आपली शाळेची सुट्टी आणि तिथला मोठा पाऊस नेमके एकावर एक येतात. मार्च ते मे मोठा पाऊस, किनाऱ्यावर एप्रिल-मे सर्वांत ओले. दियानीची काही हॉटेलं तेव्हा बंदच ठेवतात. त्यानंतर कुसी, म्हणजे दक्षिणेकडून येणारा मोसमी वारा जोरात असतो, समुद्र खवळलेला आणि गढूळ. ऑक्टोबरमध्ये वारा पडतो, पाणी स्वच्छ होतं. त्सावोही तोवर कोरडं पडलेलं असतं, म्हणून प्राणी पाणवठ्यावर गोळा होतात. नोव्हेंबर-डिसेंबरात त्सावोत पाऊस येतो, गवत वाढतं, कळप पांगतात. म्हणून दिवाळीची सुट्टी जितकी लवकर पडेल तितकं बरं. शाळेचे तीन-चार दिवस बुडाले तरी लक्ष्मीपूजनाच्या आधीचा आठवडा धरा. नाताळात हवा छान, पण दर दीडपट-दुप्पट आणि गर्दी.

दियानीबद्दल. वाळू पिठासारखी पांढरी, समोर प्रवाळाची रांग, त्यामुळे लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी शांत. पण ओहोटीला पाणी फार लांब जातं. भरतीच्या वेळा हॉटेलात विचारून पोहायचं ठरवा, आणि पाण्यात उतरताना रबरी बूट घाला, खडकांत सी-अर्चिन म्हणजे काटेरी सागरी जीव असतात. झाडांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसतील. त्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून वरून दोरांचे पूल बांधलेत, मुलाला ते नक्की दाखवा. होडीने किसिते-म्पुंगुती सागरी उद्यानात जा, डॉल्फिन दिसतात.

आता सासूबाईंसाठी. मोम्बासाचा फोर्ट जीझस चुकवू नका. पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये तो बांधायला घेतला, तेव्हा त्यांच्या पूर्वेकडच्या सगळ्या ठाण्यांचा कारभार गोव्यातून चालायचा. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला, तो १६९८ च्या डिसेंबरपर्यंत चालला. वेढा फोडायला गोव्याहून जहाजं आली, त्यातलं सांतो अँतोनिओ द तान्ना १६९७ मध्ये किल्ल्याखालीच बुडालं. हे जहाज आपल्या वसईला बांधलेलं होतं! त्यातून काढलेल्या वस्तू किल्ल्याच्या संग्रहालयात आहेत. गुहागरच्या बाईला याहून जवळचं काय दाखवणार? पायऱ्या आहेत, पण सावकाश जमतं. सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतो.

शाकाहाराची काळजी नको. गुजराती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नारळाच्या रसातली राजम्याची उसळ, चपाती, वियाझी कराई म्हणजे पिठात घोळून तळलेले बटाटे, आणि सकाळी वेलचीचे म्हामरी म्हणजे तळलेले गोडसर पाव. लॉजवर आधी कळवलं तर वरण-भातही करतात.

सोनचाफा_कराड

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. वसईचं जहाज ऐकून सासूबाईंनी मोबाइल हातात घेऊन दोनदा वाचलं.

आता असं ठरतंय. आधी त्यांच्या डॉक्टरांची भेट, मग लस, मग तिकिटं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. नैरोबी एक रात्र, रेल्वेने वोई, त्सावो ईस्ट दोन रात्री, वेस्ट एक, मग दियानी चार रात्री आणि मोम्बासा शहरात शेवटची एक. परत येताना मोम्बासाहून नैरोबीमार्गे मुंबई. अंबोसेली या वेळी नाही, मुलाने थोडं तोंड पाडलं पण नरभक्षक सिंहांची गोष्ट ऐकून खुलला.

एक शेवटचं: त्सावोहून दियानीला जाताना मोम्बासात फेरीबोटीची मोठी रांग लागते असं वाचलं. ते खरं आहे का?

आथी_नदी

लिकोनीच्या फेरीचं म्हणताय. आता तिकडे जायची गरज नाही. डोंगो कुंडूचा नवा रस्ता आणि पूल झालाय. महामार्गावरून मिरितिनीजवळून वळून थेट दक्षिण किनाऱ्याला निघता येतं, मोम्बासा शहर ज्या बेटावर आहे तिथे शिरावंच लागत नाही. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. पण शेवटच्या दिवशी किल्ला बघायला बेटावर जाल, तेव्हा सकाळी लवकर मुद्दाम फेरीने जा. चालत चढणाऱ्यांना पैसे नाहीत, आणि सासूबाईंना ती खाडी आवडेल.

आणखी दोन गोष्टी: जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते, ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, मुलाचीही वेगळी. आणि प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेतून काढून टाका, २०१७ पासून इथे बंदी आहे. अभयारण्यात तर एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, चौघांच्या स्टीलच्या बाटल्या घ्या.