दुकानांच्या वॉकी-टॉकीची फ्रिक्वेन्सी शोधणं यात गैर काय?

लहरी
नागपुरात बर्डीवर, धरमपेठेत, वर्धा रोडला, कुठल्याही मोठ्या दुकानात जा, मजल्यावरच्या पोरापोरींच्या कमरेला वॉकी-टॉकी दिसतोच. हे सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात ते स्कॅनरने, म्हणजे चॅनल धुंडाळत ऐकणाऱ्या रिसीव्हरने, शोधण्यात मला काहीही गैर वाटत नाही. उलट कुठल्या दुकानाचा कुठला चॅनल याची यादी उघड असावी असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत हा छंद जुना आहे. तिथे एमयूआरएस नावाचे विनापरवाना पाच चॅनल आहेत: १५१.८२०, १५१.८८०, १५१.९४०, १५४.५७० आणि १५४.६०० मेगाहर्ट्झ. शिवाय धंद्यासाठी परवान्याचे वेगळे पट्टे. त्यामुळे तिथे खरोखर शोधाशोध करावी लागते. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी कमी शक्तीच्या वॉकी-टॉकीसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी परवानामुक्त केली. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने १६ चॅनल बसतात, पहिला ४४६.००६२५. लॅपटॉपला लावायचा साधा यूएसबी एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर, ही अख्खी पट्टी एका नजरेत दाखवतो. कुणी बटण दाबलं की निळ्या पडद्यावर पिवळी रेघ उमटून खाली सरकायला लागते, बटण सोडलं की रेघ तुटते. चॅनल सापडला. यात फोडाफोडी काहीच नाही.

आता मूळ मुद्दा. सेटच्या खोक्यावर 'प्रायव्हसी कोड' असं ठळक छापलेलं असतं आणि दुकानदाराला वाटतं, आपलं बोलणं आपल्यापुरतं राहतं. हा कोड म्हणजे आवाजाखाली सोडलेला ६७ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानचा एक बारीक स्वर. तो जुळला तरच समोरचा सेट स्पीकर उघडतो, त्यामुळे शेजारच्या दुकानाची बडबड आपल्याला ऐकू येत नाही. पण स्कॅनर स्वर न बघताच स्पीकर उघडतो. त्याला सगळं ऐकू जातं. लोकांची अशी दिशाभूल होत असेल तर ती दाखवून द्यायला नको का?

काळा कोट
अमेरिकेचे दाखले इथे चालत नाहीत. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने नुसतं यंत्र बाळगण्यावरही परवान्याची अट घातली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम ४२ बेकायदा संदेश टिपण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड सांगतं, किंवा दोन्ही. आणि तिकडेही सगळं मोकाट नाही. सहज पकडता येणारं प्रक्षेपण ऐकायला १९८६ च्या कायद्याने वाट ठेवली आहे, पण ऐकलेलं दुसऱ्याला सांगण्यावर किंवा स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यावर दळणवळण कायद्याच्या कलम ७०५ चं बंधन आहे. हौसेखातर ही जोखीम घेऊ नका, एवढंच सांगतो.

लहरी
कायद्याचा धाक कळला. पण आकाशवाणी ऐकतो तशाच या लहरी माझ्या खोलीत येतात. मी त्या बोलावल्या नाहीत.

मजला दुसरा
आकाशवाणी सगळ्यांसाठी बोलते. मी माझ्या सुपरवायझरशी बोलते.

मी कपड्यांच्या दुकानात काम करते, कानात इअरपीस घालून दिवसभर उभी असते. तुमची पिवळी रेघ म्हणजे माझं बोलणं आहे. आम्ही काय बोलतो ते ऐका. 'बिलिंग दोनला सुट्टे पाठवा.' 'गोडाऊनमधून बत्तीसची जीन्स आणा.' यात लपवण्यासारखं काही नाही. पण हेही बोलावं लागतं: 'मी वॉशरूमला जाते, काउंटर बघ.' जागा सोडायची तर रेडिओवर सांगायचं, असा नियमच आहे. रात्री दुकान बंद करताना कोण थांबलंय, कोण एकटी निघाली, कुणाला घ्यायला घरचं माणूस आलं नाही, तेही त्याच चॅनलवर. नावानिशी.

खाली पार्किंगमध्ये कुणी लॅपटॉप घेऊन बसलाय आणि त्याला हे सगळं ऐकू जातंय, हे तुम्हाला छंद म्हणून पटतं? तुम्ही सज्जन असाल. तुमची यादी वाचणारा प्रत्येक जण सज्जन असेल याची हमी तुम्ही घेणार का?

इतवारीवाला
ताई, तुमचं म्हणणं एकदम बरोबर आहे. पण मी दुकानदार म्हणून लहरीभाऊंची बाजू थोडी घेतो. आम्हाला सेट विकणारा ठासून सांगून राहिला होता की बाहेरच्या कोणाला घंटा ऐकू येत नाही. आम्ही विश्वास ठेवला. रोजची कॅश खाली न्यायची वेळ झाली की पोट्टे रेडिओवरच बोलत. मग एका ओळखीच्या पोराने समोर बसून आमचंच बोलणं आम्हाला ऐकवलं. सगळे गप झाले. तेव्हापासून कॅशचं बोलणं फोनवर, नाहीतर तोंडी. त्या पोराने शोधलंच नसतं तर आम्हाला कसं कळलं असतं?

मजला दुसरा
तो पोरगा तुमच्यासमोर बसला होता. फरक तिथेच आहे.

हॅमकाका
मी परवानाधारक हौशी रेडिओवाला. दोन गोष्टी मिसळून राहिल्या आहेत, त्या वेगळ्या करतो.

पट्टीवर कुठे वर्दळ आहे हे बघणं हा रेडिओचा अभ्यास आहे. कोण, कुठल्या दुकानात, काय बोललं ते ऐकत बसणं आणि दुकानाच्या नावासकट लिहून ठेवणं याला मी अभ्यास म्हणणार नाही. १६ चॅनल सगळ्यांना माहीत आहेत, ते सांगण्यात काही बिघडत नाही. 'अमुक दुकान, तमुक चॅनल' ही जोडी लावली की ते पाळत ठेवणं होतं.

आणि ज्यावर बोलायला हवं ते राहूनच जातंय. अनेक दुकानांत अर्ध्या वॉटचे ४४६ वाले सेट नाहीतच. ऑनलाइन स्वस्तात मिळाले म्हणून पाच वॉटचे, १३६ ते १७४ आणि ४०० च्या वर कुठेही ट्यून होणारे सेट आणलेत. त्यांना परवाना लागतो, तो काढलेला नसतो. आपल्याकडे ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हौशी सेवेसाठी आहे, असे सेट तिथेही येऊन बसू शकतात. अर्धा वॉट काँक्रीटच्या दोन-चार मजल्यांत दमतो, पाच वॉट उघड्यावर पार पुढच्या चौकापर्यंत जातो. म्हणजे ताईंचं बोलणं गरजेपेक्षा कितीतरी लांब पोचतं, आणि याला जबाबदार ऐकणारा नसून सेट आणणारा आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच कारणाने. फ्रिक्वेन्सी आणि मान्यता दाखवल्याशिवाय सेट विकायला ठेवायचा नाही.

डिजिटल घेतला की प्रश्न सुटला असंही समजू नका. एन्क्रिप्शन, म्हणजे आवाज कुलूपबंद करण्याची सोय, नसेल तर डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या सेटचा आवाज फुकटचं सॉफ्टवेअरही उलगडतं.

लहरी
हॅमकाका, दुकानाचं नाव आणि चॅनल ही जोडी कुठेच टाकणार नाही, हे मान्य. पण 'प्रायव्हसी कोड' या छापील खोटेपणावर मी बोलत राहणार. आणि ताई, तुमच्या दुकानाला हे कुणी सांगितलंय का? नसेल तर ते कसं कळावं असं तुम्हाला वाटतं?

मजला दुसरा
सांगितलेलं नाही. मालकाकडे या, दारातून या, माझ्यादेखत दाखवा. मी स्वतः सेट हातात देते. आणि आमची नावं रेडिओवर घेणं बंद करा, काउंटरचे नंबर वापरा, हेही तेव्हाच सांगा. आमचं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील.

इतवारीवाला
आमच्याकडे उद्यापासून नंबर. हे सुचलंच नव्हतं.

काळा कोट
मालकाची लेखी संमती घ्या, मग जा. तोंडी 'या की' वर जाऊ नका. आणि तुमच्या रिसीव्हरच्या परवान्याचं काय, हा प्रश्न तरीही उरतोच.