एचओ लेआउटवर पावसाळ्यातला बोरघाट: पीओपीला भेगा, खडीचे गोळे, खेळण्यासारखा हिरवा

घाटवाट८७:
नमस्कार मंडळी. मॉडेल रेल्वेचा लेआउट करतोय: ६ × ४ फुटांचा १८ मिमी प्लाय, एचओ (म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराचं), १८ इंच त्रिज्येची वळणं, चढ खऱ्या घाटासारखाच ३७ ला १. रूळ ठोकून झाले, वायरिंग तपासलं, गाडी दोन्ही दिशांनी चालते. आता देखावा. पळसदरीच्या वरचा भाग जुलै-ऑगस्टमधला दाखवायचा आहे: दोन बोगदे, काळे कडे, एक धबधबा. डबे एलएचबी (नव्या बनावटीचे लांब प्रवासी डबे) आहेत.

एक फुटी तुकड्यावर चाचणी घेतली, त्यात तीन गोष्टी बिघडल्या. थर्माकोलवर थापलेल्या पीओपीला दुसऱ्या दिवशी भेगा पडल्या. खडीवर फेविकॉलचं पाणी सोडलं तर थेंब मोत्यासारखे घरंगळले आणि खडी सोबत घेऊन गेले. आणि ट्यूबमधला हिरवा लावल्यावर डोंगर प्लास्टिकचा दिसतोय. शिवाय आधी डोंगर करावा की आधी खडी टाकावी?

रूळजोड:
डोंगराला हात लावण्याआधी बोगद्यांची रुंदी तपासा. १८ इंची वळणावर एलएचबी डबा फार बाहेर झुकतो. डबा २३.५४ मीटर, म्हणजे एचओत साधारण २७० मिमी, रुंदी ३७ मिमी. हिशोब केला तर डब्याची टोकं वळणाच्या बाहेरच्या बाजूला सुमारे १२ मिमी आणि पोट आतल्या बाजूला सुमारे ८ मिमी सरकतं. म्हणून रुळाच्या मध्यापासून बाहेर ३५ आणि आत ३१ मिमी मोकळं ठेवा. उंची रुळाच्या माथ्यापासून ७५ मिमी. खरी ओव्हरहेड वायर ५.५ मीटरवर असते, ती एचओत ६३ मिमी होते, वर थोडी जागा हवीच.

आकड्यांवर विसंबू नका. सर्वात लांब डब्याच्या दोन्ही टोकांना आणि पोटाशी पेन्सिल चिकटवा, डबा हाताने वळणावर ढकला, प्लायवर रेघा उमटतील. बोगद्याचं तोंड त्या रेघांबाहेर ५ मिमी सोडून कापा.

दुसरं, डोंगर उचलून काढता येईल असा करा, किंवा मागून हात जाईल एवढी १५ सेंमीची खिडकी ठेवा. बोगद्यात रूळ पुसायला आणि घसरलेला डबा काढायला दुसरी वाट नसते. अस्तर आत १०-१२ सेंमीपर्यंतच करा, पुढे नुसता मॅट काळा. तेवढंच दिसतं.

क्रम: रुळांच्या बाजू गंजाच्या रंगात रंगवा, मग डोंगराचा सांगाडा, प्लास्टर, कडे, पायाचा रंग, त्यानंतर खडी, मग गवत, झाडं आणि सर्वात शेवटी पाणी. प्लास्टरच्या आधी खडी टाकलीत तर तिच्यावर पांढरे शिंतोडे बसतील, ते निघत नाहीत. प्लास्टर करताना रुळांवर मास्किंग टेप हवीच.

काळापत्थर:
भेगांचं कारण बहुधा जाडी आणि हलणारा पाया. थर्माकोल दाबला की दबतो, पीओपी दबत नाही, मग तडकतो. मेडिकलमध्ये मिळणारी प्लास्टरची बँडेज घ्या, १५ सेंमीचे तुकडे कापून पाण्यात बुडवा आणि एकावर एक आडवे-उभे दोन थर द्या. त्यावर पीओपी ४-५ मिमीपेक्षा जाड नको. प्रमाण मापाने २ भाग पीओपी, १ भाग पाणी. पीओपी पाण्यात सोडायचा, पाणी पीओपीत नाही, नाहीतर गुठळ्या होतात. आधीचा घट्ट झालेला पीओपी भांड्याला चिकटलेला असेल तर नवा फार लवकर आवळतो, म्हणून दर वेळी भांडं स्वच्छ. जास्त वेळ हवा असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर. हार्डवेअरच्या दुकानातला काळा स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) पाण्यातच मिसळून घ्या, म्हणजे पुढे टवका उडाला तरी आतून पांढरं दिसणार नाही.

आता कड्यांबद्दल, कारण घाट इथेच जमतो किंवा फसतो. बाजारातले रबरी साचे बहुतेक परदेशी डोंगरांचे, तिरक्या चिरांचे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे, म्हणजे जवळजवळ आडव्या पायऱ्या: एक उभा काळा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा. पीओपी साबणासारखा झाला की (साधारण १०-१५ मिनिटांत) जुन्या सुरीने आधी आडव्या रेघा मारा, मग प्रत्येक थरात उभ्या, वेड्यावाकड्या चिरा. थरांची पातळी संपूर्ण लेआउटवर सारखी ठेवा. रुळाच्या एका बाजूला जो थर ज्या उंचीवर आहे, तो समोरच्या कापावरही तिथेच दिसला पाहिजे. एखाद्या ठिकाणी दोन थरांमध्ये ३-४ मिमीची विटकरी पट्टी काढा. ती लाल माती खऱ्या घाटातही दोन लाव्हा-थरांमध्ये दिसते.

रंग: करडा आणि बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी) पाया, त्यावर काळी शाई १ भागाला २० भाग पाणी, ती चिरांत उतरू द्या. वाळल्यावर कोरड्या ब्रशने फिकट करडा फक्त कडांवर, अगदी थोडा. पावसात दगड जवळजवळ काळा दिसतो. जिथे पाणी झिरपतं तिथे सॅटिन व्हार्निशच्या उभ्या रेघा ओढा, बाकी सगळं मॅट.

खडीवाला:
थेंब घरंगळतात ते पृष्ठताणामुळे. आधी खडी भिजली पाहिजे, गोंद नंतर. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रेमध्ये भरा आणि फूटभर वरून तुषार खाली पडू द्या. जवळून मारलंत तर दाणे उडतील. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे वीज बंद आणि खिडकी उघडी. मग १ भाग फेविकॉल, २ भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. ड्रॉपरने दोन रुळांच्या मधोमध सोडा, ते स्वतः पसरतं. एरवी २४ तास, पावसाळ्यात ४८ तास हलवू नका.

खडी: रेल्वेची खडी ६५ मिमीपर्यंतची, म्हणजे एचओत पाऊण मिमी. बांधकामाची क्रश सँड चहाच्या गाळणीतून गाळा, खाली पडलेली मैद्याच्या चाळणीत चाळा, चाळणीत उरेल ती आपली. धुऊन वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक दोन-तीनदा फिरवा. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, ते कण इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. ही पायरी गाळू नका, मोटर वाचते.

सांध्याजवळ (जिथे एका रुळातून दुसरा फुटतो) पाती आणि थ्रो-बार (पाती हलवणारी पट्टी) यांखाली खडी अजिबात नको. पात्याच्या बिजागरीला मशीन ऑइलचा एक थेंब लावून ठेवा आणि गोंद वाळेपर्यंत दर तासाला सांधा हलवा.

ब्रॉडगेज एचओत १९.३ मिमी यायला हवा, आपण १६.५ वर चालवतो, त्यामुळे रूळ थोडा अशक्त दिसतो. खडीचा खांदा स्लीपरच्या टोकाबाहेर ५-६ मिमी घेतला की नजर फसते. घाट उतरणाऱ्या लाइनवर ब्रेकच्या भुकटीमुळे खडी तपकिरी असते. तिथे बर्न्ट अंबरची कोरडी पूड मऊ ब्रशने शिंपडा, चढणीच्या लाइनवर कमी.

श्रावणसर:
हिरवा कधीच ट्यूबमधून थेट नाही. सॅप ग्रीनमध्ये पिवळा ऑकर, आणि चिमूटभर लाल मिसळा. तीन-चार छटा करून ठेवा. मागच्या डोंगरावर त्यात पांढरा आणि निळा वाढवत जा, ढगांतला घाट दिसेल. उतारावर २ मिमी आणि ४ मिमी स्टॅटिक ग्रास (स्थिर विजेने उभे राहणारे गवताचे कृत्रिम तंतू) मिसळून, तेही ठिगळाठिगळांनी. दमट हवेत तंतू एकमेकांना चिकटतात आणि उभे राहत नाहीत, म्हणून वापरण्यापूर्वी सिलिका जेलसोबत रात्रभर बंद डब्यात ठेवा.

झाडं लहान करण्याची चूक सर्वत्र दिसते. १२ मीटरचं झाड एचओत १३८ मिमी होतं. पुढच्या रांगेत एवढी चार-पाच पुरेत, मागे छोटी. लाकडाचा भुसा आणि काथ्या पावसाळ्यात बुरशी धरतात. कडक उन्हात वाळवून मगच चिकटवा, आणि कणकेची खळ वापरू नका.

धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉन, मात्र न्यूट्रल प्रकारचं. आंबट वासाचं रुळाच्या धातूला लागतं. पॉलिथिनवर उभ्या रेघा ओढा, टूथपिकने खालच्या दिशेने ताणा, २४ तासांनी सोलून कड्यावर चिकटवा, मग कोरड्या ब्रशने पांढरा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावरच पक्कं होतं, त्यामुळे जुलैतही अडचण नाही. खालच्या डोहाचं इपॉक्सी मात्र दमट दिवशी ओतलंत तर वर दुधी साय धरते. ते दिवाळीनंतर, २-३ मिमीच्या थरांत.

घाटवाट८७:
मनापासून धन्यवाद. पेन्सिल लावून पाहिली, दुसऱ्या बोगद्यात बाहेरून २८ मिमीच आहेत. तोंड कापावं लागणार. एकच विचारायचं राहिलं: थर्माकोलवर स्प्रे पेंट चालेल का?

काळापत्थर:
थेट नाही. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, रबर सोल्युशनचंही तसंच. बँडेजचे दोन थर पूर्ण झाकले गेले असतील तरच, आणि तेही पातळ हाताने. ॲक्रिलिक ब्रशने लावणं सुरक्षित. थर्माकोलचे दोन तुकडे फेविकॉलने जोडत असाल तर मधे हवा लागत नाही, कित्येक दिवस ओलं राहतं. कडेला बांबूच्या काड्या टोचून ठेवा आणि बोगद्याचं तोंड दुरुस्त होईपर्यंत बँडेज चढवू नका.