चिलीचं घड्याळ, चिलीचा दिवस – अनुभव धागा

अँडीजवाट
एप्रिल उजाडला आणि 'कॉलवर कोणीच का नाही?' हे मेसेज पुन्हा सुरू झाले. सगळं जुनं आठवलं, म्हणून हा धागा. चिलीत राहिलेल्यांनी, तिथल्या लोकांबरोबर काम करणाऱ्यांनी उपयोगी पडेल ते लिहा.

'चिली आपल्या किती मागे?' ह्याला एकच आकडा नाही. राजधानी सँटियागो एप्रिल ते सप्टेंबर साडेनऊ तास मागे, उरलेलं वर्ष साडेआठ. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी रात्री १२ चे ११ होतात, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी रात्री १२ चा १. म्हणजे तिथले सकाळचे ९ हे पुण्यात कधी संध्याकाळचे साडेसहा, कधी साडेपाच.

खिडकीपाशी
कॅलेंडरमध्ये 'उणे ४' (ग्रीनिचच्या चार तास मागे) घेऊ नका, यादीतून सँटियागो शहर निवडा. नुसता आकडा घेतला तर सप्टेंबरात मीटिंग सरकत नाही आणि तिकडचे लोक तासभर चुकतात. कोणाचं घड्याळ धरायचं ते आधी ठरवा. त्यांचं धरलं तर आपली वेळ वर्षातून दोनदा हलणार, घरी तसं सांगून ठेवा. सरकार कधी तारीखही बदलतं. २०२२ मध्ये ४ सप्टेंबरला नव्या घटनेवर मतदान होतं, म्हणून बदल ११ तारखेला झाला. ज्या यंत्रांत अपडेट नव्हतं ती आठवडाभर तासाने पुढे.

दक्षिणवारा
पुंता अरेनास विसरू नका!! ते ज्यात आहे त्या दक्षिण टोकाच्या मागायानेस प्रांतात २०१७ पासून घड्याळ हलवत नाहीत, वर्षभर भारतापेक्षा साडेआठ तास मागे. २०२५ पासून शेजारचा आयसेनही तसाच. म्हणून तिथल्या हिवाळ्यात (एप्रिल ते सप्टेंबर) सँटियागोहून पुंता अरेनासला विमानाने गेलात की उतरल्यावर घड्याळ तासभर पुढे. परतीची टॅक्सी ठरवताना हमखास घोळ होतो. तिकिटावर दोन्हीकडची वेळ स्थानिक असते, प्रवासाचे तास त्यावरून मोजू नका.
जुन्या फोनच्या यादीत कोयाइके (आयसेनची राजधानी) नसेल तर पुंता अरेनास निवडा, वेळ तीच.

अँडीजवाट
@दक्षिणवारा, तिकडच्या उजेडाचंही लिहा ना.

दक्षिणवारा
जूनच्या शेवटी सूर्य उगवतो सकाळी दहाच्या सुमारास, मावळतो साडेपाचला. घड्याळ मागे घेतलं असतं तर साडेचारलाच अंधार, लोकांना संध्याकाळचा उजेड हवा होता. डिसेंबरात उलटं, पहाटे सव्वापाच ते रात्री सव्वादहा. लहान मुलं असतील तर काळा जाड पडदा लागतोच, कडेच्या फटी चिकटपट्टीने बंद करा. फटीतून आलेली उजेडाची एक रेघही मुलांना पाचला उठवते.

कोकमसरबत
चिलीचं ईस्टर बेट राहिलं. सँटियागोच्याही दोन तास मागे. बदल त्याच क्षणी होतो, म्हणून तिथे तो रात्री १० वाजता.

उन्हाळी_सुट्टी
ऊन! सँटियागो साधारण ७०.७ अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने घड्याळ ग्रीनिचच्या पावणेपाच तास मागे हवं. उन्हाळ्यात ठेवतात तीन. त्यामुळे जानेवारीत सूर्य डोक्यावर येतो पावणेदोन–दोनला. 'बारा वाजून गेले, आता उतरेल' हा आपला अंदाज तिथे चालत नाही. दुपारी ३ ला सुद्धा टोपी आणि सनस्क्रीन हवंच.

खिडकीपाशी
दिवसाची कामं: बँका ९ ते २, दुपारी गेलात तर दार बंद. मेट्रोचं तिकीट सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ सगळ्यात महाग. १८, १९ सप्टेंबरला मॉल, सुपरमार्केट कायद्यानेच बंद. दूधभाजी १७ लाच भरून ठेवा.

पाल्ताप्रेमी
जेवण दीड-दोनला, तेच मोठं. रात्री बऱ्याच घरांत स्वयंपाक नसतो, ६ ते ८ च्या दरम्यान 'ओन्से': चहा, पाव, पाल्ता म्हणजे आपलं अवोकाडो, मीठ घालून कुस्करलेलं. सातला बोलावलं तर जेवणाची नव्हे, पावाची भूक घेऊन जा.
पाव किलोवर मिळतो. शाकाहारींनी मार्राकेता घ्यावा: मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, बस. हायूयामध्ये (गोल, चपटा) चरबी घालतात, प्राण्याची की वनस्पतीची ते विचारा. मार्राकेताचं कवच दुसऱ्या दिवशी चिवट होतं, म्हणून संध्याकाळचा गरम घाणा धरायचा. उरलाच तर त्याच रात्री फ्रीजरमध्ये.

भाकरतुकडा
तो पाव मिसळीबरोबर चालेल का हो? 😋

पाल्ताप्रेमी
धावेल! तर्रीत बुडवला तरी लगेच विरघळत नाही.

रात्रपाळी
दुर्बिणीवाल्यांसाठी. पारानाल, आल्मा, चिलीतल्या सगळ्या वेधशाळांत नोंदी ग्रीनिचच्या वेळेत. ग्रीनिचची मध्यरात्र स्थानिक रात्री ८ किंवा ९ ला येते, म्हणजे एकाच रात्रीच्या फायली दोन तारखांत विभागतात. फोल्डरला संध्याकाळची स्थानिक तारीख द्या, नाहीतर पहाटेची निरीक्षणं शोधत बसाल. आणि नारायणगावजवळच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीवर आकाशात सगळ्यात उंच आलेला तारा आल्मावर सगळ्यात उंच साधारण साडेनऊ तासांनी येतो. एकाच क्षणी दोन्हीकडून पाहायचं असेल तर हाती फार थोडा वेळ राहतो.

कोकमसरबत
चतुर्थ्या-एकादश्यांचं कसं करता? पुण्याच्या कालनिर्णयावरून?

अँडीजवाट
नको ताई. तिथी बदलण्याचा क्षण जगभर एकच, पण दिवस ठरतो स्थानिक सूर्योदयावरून, त्यामुळे तारीख एक दिवस आधीची येऊ शकते. संकष्टीला तर चंद्रोदयही तिथलाच हवा. पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये गाव सँटियागो टाका.

कोकमसरबत
टाकलं. आईला फोन कधी करावा?

खिडकीपाशी
तिथल्या सकाळी साडेसातला. भारतात तेव्हा संध्याकाळचे ५ (चिलीची हिवाळी वेळ) किंवा ४ (उन्हाळी), चहाचीच वेळ. चिलीतून रात्री साडेनऊला केलात तर भारतात सकाळचे ७ किंवा ६, सहाला उठवू नका.