हरभऱ्याच्या संशोधनाने आता रानहरभऱ्याकडे वळावं का?

रानवाटा
हरभऱ्याचा नवा वाण बहुतेक वेळा दोन चांगल्या वाणांच्या संकरातून येतो, आणि ते दोन्हीही एकमेकांचे नातलगच असतात. हे असंच चाललं तर आपण जागच्या जागी फिरत राहू, असं माझं स्पष्ट मत आहे.

2021 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकामध्ये हरभऱ्याच्या 3,366 नमुन्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास आला. त्यात लागवडीचे 3,171 आणि रानटी 195. लागवडीच्या हरभऱ्यातली विविधता किती आटली आहे, ते त्यातून कळतं. मूळ पूर्वज सिसर रेटिक्युलॅटम आग्नेय तुर्कस्तानातल्या डोंगराळ पट्ट्याबाहेर जवळपास सापडतच नाही, म्हणजे सुरुवातच तुटपुंज्या भांडवलावर झाली. पुढे हिवाळी पावसात एस्कोकायटा करपा शेतं बसवायचा म्हणून पेरणी वसंतात ढकलली गेली, असं मानतात. त्यातही बरंच काही गळालं असणार.

लागवडीच्या हरभऱ्यात घाटेअळीला ठाम प्रतिकार नाही. सिसर बायजुगमसारख्या रानटी जातींवर मात्र अळीची वाढ खुंटते. मसुरीत कॅनडातल्या पैदासकारांनी लेन्स एर्व्हॉइड्स या रानटी मसुरीतून अँथ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगाचा प्रतिकार आणला. मग हरभऱ्यात का नाही? हे स्वपरागी पीक आहे, म्हणजे फुलातल्या परागानेच त्याच फुलात बी धरतं, बियाणं घरी राखता येतं, त्यामुळे खासगी कंपन्या यात फारसा पैसा घालणार नाहीत. सरकारी पैशातला मोठा वाटा इकडेच यायला हवा.

चिमटा_आणि_भिंग
बायजुगमचा दाखला इथे लागू पडत नाही. रेटिक्युलॅटमशी संकर सहज होतो, एकिनोस्पर्मम या दुसऱ्या रानटी जातीशी झाला तरी संततीत वांझपणा येतो, बायजुगमशी तर नेहमीच्या पद्धतीने जुळतच नाही. म्हणजे अळीचा प्रतिकार नेमका तिथे आहे, जिथे आपला हात पोचत नाही.

मी संकराचं काम केलं आहे, म्हणून थोडं सांगतो. हरभऱ्याचं परागीभवन कळी उमलण्याआधीच उरकलेलं असतं. म्हणून बंद कळी चिमट्याने उघडायची, स्त्रीकेसराला धक्का न लावता दहाही परागकोश काढायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. पानांवरची आंब बोटांना झोंबत असते. एवढं करून बरीच फुलं गळतात, आणि टिकलेल्या घाट्यात दाणे एक-दोनच. रेटिक्युलॅटमकडून एक गुण घ्यायला जावं तर त्यासोबत जमिनीलगत पसरणारं झाड, वाळल्यावर फुटणारे घाटे, खरबरीत सालीचा बारीक दाणा आणि फुलायला थंडी लागण्याची सवय, हे सगळं येतं. ते काढून टाकायला बॅकक्रॉसवर बॅकक्रॉस करावे लागतात, म्हणजे संततीचा लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर.

उलट आयसीसी 4958 पाहा. हा लागवडीतलाच नमुना, मुळं खोल आणि दाट. दुष्काळ सोसण्याशी जोडलेला त्याचा जनुकीय तुकडा मार्करच्या, म्हणजे जनुकीय खुणेच्या मदतीने जेजी 11 या वाणात उतरवला, आणि त्याच वाटेने पुसा 10216 हा वाण आला. मर रोगाचा प्रतिकार डब्ल्यूआर 315 या हरभऱ्यातून घेऊन सुपर अन्निगेरी 1 हा वाण झाला. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत (बियाण्यांचे नमुने जपणाऱ्या पेढीत) हरभऱ्याचे वीस हजारांच्या आसपास नमुने आहेत. त्यातले किती आपण नीट पेरून पाहिले? आधी ते पाहू या.

बीजसाखळी
दोघांनाही विचारते: वाण निघाल्यावर पुढे काय?

तुरीत रानटी नात्याचा मोठा फायदा झाला. कजानस कजानिफोलियस या रानतुरीच्या पेशीद्रव्यामुळे नरवंध्य, म्हणजे स्वतःचा पराग न देणाऱ्या ओळी मिळाल्या आणि आयसीपीएच 2671 हा संकरित वाण उभा राहिला. संशोधन म्हणून ही फार मोठी गोष्ट आहे. पण संकरित बियाणं दर हंगामाला नव्याने तयार करावं लागतं. वेगळं शेत, राखलेलं अंतर, पराग वाहायला मधमाश्या, हे सगळं जमवणं वाण शोधण्याइतकंच अवघड निघालं.

हरभऱ्यात संकरित बियाण्याची भानगड नाही, तरी अडचण आहेच. हेक्टरी 75 ते 100 किलो बियाणं लागतं आणि एका दाण्याचे दाणे फार होत नाहीत. पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, असं करत वाण शेतात पोचेपर्यंत वर्षं जातात, आणि तोवर जुनाच वाण चालू राहतो. मला वाटतं, निधी आधी या टप्प्यावर खर्च व्हावा.

नत्रगाठ
मुळांचा विषय राहिलाच. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारा मेसोरायझोबियम हा जिवाणू वेगळा असतो, चवळीच्या जिवाणूचं कल्चर लावून उपयोग नाही. गाठ नखाने फोडून पाहा: आत गुलाबी असेल तर हवेतलं नत्र बांधलं जातंय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पैदास प्रक्षेत्रात जमीन खताने सुपीक असते, तिथे निकामी गाठींचं झाडही जोमदार दिसतं आणि निवडलं जातं. म्हणून माझा कल रानवाटांकडे आहे. रानटी झाडं हलक्या जमिनीत, तिथल्याच जिवाणूंसोबत जगलेली असतात. ती निवड आपण केलेलीच नाही.

रानवाटा
@चिमटा_आणि_भिंग, जनुकपेढीतले नमुने घाटेअळीसाठी अनेक वर्षं तपासले गेले, हाती लागला तो मध्यम प्रतिकार. आणि रेटिक्युलॅटमचे नमुने जगातल्या पेढ्यांत पूर्वी मोजकेच होते. 2018 मध्ये आग्नेय तुर्कस्तानातून नव्याने गोळा केलेल्या रेटिक्युलॅटम आणि एकिनोस्पर्ममचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे लागवडीच्या हरभऱ्याशी संकरही सुरू झाले, म्हणजे प्रत्येक पैदासकाराला शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही.

@बीजसाखळी, तुमचा मुद्दा खरा आहे, पण 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात एस्कोकायटाने हरभरा साफ केला. अशा वेळी साखळी कितीही चोख असली तरी तिच्यातून पाठवायला प्रतिकारक वाण लागतो. तो शोधायला रोग आल्यावर निघालो तर दहा वर्षं उशीर झालेला असतो.

चिमटा_आणि_भिंग
मग ते काम वेगळ्या गटाकडे द्या, आणि त्या गटाला ‘किती वाण प्रसारित केले’ हा प्रश्न विचारू नका. पदोन्नती वाणांच्या संख्येवर मिळत असेल तर दहा वर्षं रानटी झाडांत कोण घालवेल? एवढी सोय होणार असेल तर माझा विरोध निम्मा कमी होतो.

घाटेअळीबद्दल मात्र मी हटणार नाही. रेटिक्युलॅटममधून मिळेल तो प्रतिकारही अर्धवटच असेल, फवारणी त्याने थांबणार नाही. त्यावर बीटी हरभऱ्याचा, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या हरभऱ्याचा विचार मोकळेपणाने व्हायला हवा. त्याच्या ओळी प्रयोगशाळेत कधीच्या तयार आहेत आणि शेतकऱ्याच्या शेतात अजून एकही नाही. रानवाटा, यावर तुमचं मत काय, ते आधी सांगा.