लामिन यामालची सुरुवातीची वर्षं: करार, नोंदणी, सामन्यांचा भार. पालकांना काय सांगायचं?

मैदान_रोज_सहाला:
नमस्कार मंडळी. पुण्यात १४ वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. यामाल १५व्या वर्षी बार्सिलोनाकडून खेळला, तेव्हापासून पालक विचारतात की पोराला दहावीच्या आधीच स्पेनला पाठवावं का. नीट उत्तर द्यायचं तर आधी माझ्या मनातल्या शंका मिटायला हव्यात. २९ एप्रिल २०२३ला बेटिस क्लबविरुद्ध तो मैदानात उतरला, पण व्यावसायिक करार झाला ऑक्टोबरमध्ये. मग मधले महिने तो कुठल्या नोंदणीवर खेळत होता? ४१, २७, १९, १० असे नंबर का बदलत गेले? या वयात इतके सामने झेपतात का? आणि भारतीय पासपोर्टवर १८च्या आधी जायची काही वाट आहे का? तारखा, नियम, आकडे असतील तर द्या.

नोंदणी_खिडकी:
दादा, कराराचं आधी सांगतो, कारण बाकीचं त्यावरून उलगडतं.

स्पेनमध्ये १६ वर्षांखालच्या मुलाला नोकरीवर ठेवता येत नाही, आणि व्यावसायिक करार म्हणजे नोकरीच. यामालचा जन्म १३ जुलै २००७चा. बेटिसविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी गावी या सहकारी खेळाडूच्या जागी आला, तेव्हा वय होतं १५ वर्षं २९० दिवस. म्हणजे ला मासियातल्या (बार्सिलोनाची युवा अकादमी) युवा खेळाडूच्या परवान्यावरच तो वरच्या संघात खेळला. ते नियमात बसतं.

१६ पूर्ण झाल्यावर करार झाला, पण २०२६पर्यंतचाच. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार ३ वर्षांहून जास्त मुदतीचा नसतो. कागदावर ५ वर्षं लिहिली तरी फिफा वरची २ मानत नाही. म्हणून क्लबची खरी कसोटी १८व्या वाढदिवसाला लागते. बार्सिलोनाने मे २०२५मध्येच २०३१पर्यंतचा करार जाहीर केला, तो याच कारणाने.

२०२३च्या करारात करार मोडायची भरपाई म्हणून लिहिलेल्या १०० कोटी युरोंच्या आकड्याला घाबरून जाऊ नका. स्पेनमध्ये १९८५च्या शासकीय आदेशाने खेळाडूला भरपाई देऊन करार मोडायचा हक्क दिलाय. तो हक्क कुणी वापरू नये म्हणून क्लब रक्कम आभाळाला भिडवतात. त्याचा खेळाडूच्या पगाराशी संबंध नाही.

आता नंबर. ला लीगात (स्पेनची वरची लीग) १ ते २५ हे मुख्य संघाचे, जास्तीत जास्त २५ खेळाडू. २६च्या पुढचे नंबर युवा किंवा ब संघाच्या परवान्यावर खेळणाऱ्यांचे. २०२३-२४मध्ये यामाल जवळजवळ प्रत्येक सामन्यात दिसला तरी पाठीवर २७ होता, म्हणजे २५ जणांच्या यादीत त्याने जागा अडवली नव्हती. मुख्य संघाची नोंदणी क्लबच्या पगारमर्यादेला धरून होते, आणि तिथे चांगल्या चांगल्यांचं घोडं अडतं. गावीला नव्या करारासोबत ६ नंबर मिळाला, नोंदणीचं प्रकरण कोर्टात गेलं, आणि मार्च २०२३मध्ये तो पुन्हा ३०वर आला. तेव्हा पालकांना सांगा, करारावर सही होणं आणि नोंदणी होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

फिजिओ_कर्वेनगर:
भाराबद्दल लिहितो. यामालने २०२३-२४मध्ये क्लबसाठी ५० सामने खेळले, लगेच युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा), पुढच्या मोसमात ५५. सप्टेंबर २०२५मध्ये जांघेच्या दुखण्याने त्याला बाहेर बसावं लागलं. बार्सिलोनाच्याच पेद्रीचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२०-२१मध्ये क्लब, युरो आणि टोकियो ऑलिम्पिक मिळून ७३ सामने, वय १८. पुढचा मोसम मांडीच्या दुखापतींनी खाल्ला.

बार्सिलोनाच्या अन्सू फातीचं नाव मात्र यात घेऊ नका. नोव्हेंबर २०२०मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चा) फाटला तो सामन्यातल्या धडकेत. त्याला अतिखेळाची दुखापत म्हणणं चूक आहे.

तुमच्या १२ ते १५च्या मुलांत धोका वेगळा असतो. दर ३ महिन्यांनी उंची, बसून उंची आणि वजन मोजा. पायात बूट नकोत, वेळ सकाळची, भिंतीला टेकून, मोजणारा माणूस तोच. वर्षाच्या हिशेबाने वाढ ७-८ सेंमीच्या वर जात असेल तर मूल झपाट्याने वाढतंय. हाड आधी लांबतं, स्नायू आणि कंडरा मागे राहतात, ओढ हाडाच्या वाढीच्या जागेवर पडते. मग गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखतं (ऑसगुड-श्लाटर) किंवा टाच दुखते (सेव्हर). त्या काळात उड्या, वेगातल्या धावा आणि लांब किक कमी करा. पासिंग, पहिला टच, छोट्या जागेतला खेळ चालू ठेवा.

पुण्यात खरी गडबड होते ती एकाच पोराच्या चार वेळापत्रकांनी. पावसाळ्यात शाळेच्या स्पर्धा, सुब्रतो चषकाची निवड, जिल्हा संघटनेची लीग, अकादमीचा सराव, वर रात्री टर्फवर पाच-पाच जणांचे सामने. प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपला भाग दिसतो. आईबाबांनी एक वही ठेवावी: तारीख, कुठे खेळला, किती मिनिटं, आणि खेळल्यावर दमणूक १० पैकी किती. मिनिटांना दमणुकीने गुणलं की त्या दिवसाचा भार. ६० मिनिटं आणि ७ दमणूक म्हणजे ४२०. आठवड्याची बेरीज मागच्या ४ आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपट व्हायला लागली की एक सामना सोडायला सांगा, मग शाळेचे सर कितीही रागावोत. मुरुमाच्या टणक मैदानावर लांब खिळ्यांचे बूटही नकोत. खिळा आत जात नाही, सगळा दाब टाचेवर येतो.

जांघेसाठी कोपनहेगन व्यायाम. कुशीवर आडवं, वरच्या पायाचा गुडघा बाकावर, कंबर उचलायची. दोन्ही बाजूंना ६ ते ८ वेळा, २ सेट, आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला घोटा बाकावर ठेवू नका, तरफ लांबते आणि मुलं दुसऱ्या दिवशी लंगडतात.

डावी_विंग:
स्पेनला पाठवण्याबद्दल पालकांना स्पष्ट "नाही" म्हणा. फिफाच्या कलम १९ नुसार १८ वर्षांखाली आंतरराष्ट्रीय बदली, म्हणजे दुसऱ्या देशातल्या क्लबात जाणं, होत नाही. १६ ते १८ची सूट युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आतल्या बदल्यांना आहे. सीमेपासून ५० किमीची सूट आपल्या उपयोगाची नाही. हा नियम मोडल्यावरून बार्सिलोनावरच दोन खिडक्यांची (नवे खेळाडू नोंदायची मुदत) बंदी आली, ती त्यांनी २०१५मध्ये भोगली. कोरियाचा ली सुंग-वू ला मासियात होता, पण जानेवारी २०१६मध्ये १८चा होईपर्यंत त्याला अधिकृत सामने खेळता येत नव्हते. ऐन शिकायच्या वयात नुसता सराव! "मोठ्या क्लबच्या नावाचं शिबिर" म्हणून लाखो रुपये मागणाऱ्याला एवढंच विचारा: माझा मुलगा तिथल्या महासंघाकडे नोंदला जाणार का?

१८ नंतरही ला लीगात युरोपीय संघाबाहेरचे ३च खेळाडू एका संघात नोंदता येतात. म्हणून आपल्यासाठी वाट लहान लीगमधून जाते. गुरप्रीतसिंग संधू २०१४मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला तेव्हा २२ वर्षांचा होता, आणि २०१६मध्ये युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळला.

दादा, तुमच्या क्लबसाठी एक काम आजच करण्यासारखं. १२व्या वर्षापासून प्रत्येक मुलाची एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीवर दरवर्षी नोंदणी करा, जन्मदाखला आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळवून. पुढे आंतरराष्ट्रीय बदलीत रक्कम मोजली गेली तर तिच्यातले ५% घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५च्या प्रत्येक मोसमाला ०.२५%, १६ ते २३च्या प्रत्येक मोसमाला ०.५%. तुमच्याकडे १२ ते १५ अशी चारही वर्षं नोंदलेला मुलगा १ कोटी युरोंना गेला तर १ लाख युरो तुमचे. एखाद्या वर्षाची नोंद करायची राहून गेली तर त्या वर्षाचा वाटा मिळवणं मुश्कील.

मैदान_रोज_सहाला:
खूप आभार. हिंजवडीतल्या एका पालकांची कंपनी त्यांना म्युनिकला पाठवतेय, मुलगा १३चा. त्याला तिथे खेळता येईल?

डावी_विंग:
हो. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने राहायला गेले तर सूट मिळते. क्रम मात्र पाळा: आधी नोकरीचं पत्र, मग व्हिसा आणि राहण्याचा परवाना, मग शाळा, शेवटी क्लब. अर्ज क्लब तिथल्या महासंघामार्फत करतो. त्याला पालकांचा नोकरीचा करार, परवाना, मुलाचा जन्मदाखला आणि मुलाचे व पालकांचे पासपोर्ट लागतात. जन्मदाखला मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर इथूनच करून न्या. आणि १०च्या पुढचा मुलगा असल्याने एआयएफएफकडून आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला जावा लागेल. निघण्याआधी सीआरएसवरची जन्मतारीख एकदा तपासून घ्या, चूक असेल तर तिकडून दुरुस्त करताना मोसम जातो.