अलॉय चाकांवरचे तपकिरी ठिपके काही केल्या निघत नाहीत

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत ७ वर्षं वापरलेली हॅचबॅक घेतली. गाडी ठणठणीत आहे, पण पुढची दोन्ही अलॉय बघवत नाहीत. आऱ्यांच्या बेचक्यात काळा थर आणि त्यावर तपकिरी ठिपके, काही मोहरीएवढे, काही खसखशीसारखे. दर शनिवारी कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो, आई तिथे असते. त्यामुळे आधी वाटलं, जांभ्याची माती असेल. शाम्पू झाला, भांड्यांचं लिक्विड झालं, वॉशिंग सेंटरचं प्रेशरही झालं. बोटाला काळं लागायचं थांबलं, ठिपके तसेच. मागची चाकं लख्ख आहेत. आई म्हणते काथ्याने घास, पण हात धजावत नाही. पुढचं डावं उजव्यापेक्षा बरंच जास्त खराब आहे. काय करू?

सह्याद्री_स्वार:
बाथरूम धुवायचं ॲसिड पाण्यात पातळ करून मारा. जुन्या गाडीला मी मारलं होतं, दोन मिनिटांत चकाचक.

पाना_१३:
कोयनाकाठ दादा, काथ्या नको आणि ॲसिड तर मुळीच नको. ११ वर्षं गाड्या धुण्याच्या धंद्यात आहे, ॲसिडने गेलेली चाकं या हातांनी उतरवली आहेत. पहिल्या दिवशी खरंच चमकतात. महिन्याभराने नटांभोवतीचं लॅकर, म्हणजे चाकावरचा पारदर्शक थर, फुगतं, पापुद्रा सुटतो आणि खाली ॲल्युमिनियमवर मिठासारखी पांढरी भुकटी दिसायला लागते. मग चाक खरवडून नव्याने रंगवण्यावाचून इलाज नाही. शिवाय ते ॲसिड ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकामागच्या चकतीवर, ओघळतं ते वेगळंच.

ती माती नाही, लोखंड आहे. डिस्क बिडाची असते. ब्रेक मारल्यावर पॅड तिला घासला की बिडाचा बारीक कीस आणि पॅडमधलं राळेसारखं द्रव्य एकत्र उडतं. घाटात हा कीस चांगला तापलेला असतो, तसाच लॅकरवर जाऊन रुततो. त्यावर कोयनेकडचा पाऊस. कीस जागच्या जागी गंजतो आणि आणखी घट्ट बसतो. साबणाने तेलकटपणा जातो, गंज कसा जाणार? मागची चाकं स्वच्छ राहतात कारण बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम ब्रेक असतात, बंद डब्यासारखे, तिथली भुकटी बरीचशी आतच राहते. आणि ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून जास्त काम पुढच्याच ब्रेकचं.

आयर्न रिमूव्हर आणा, बाटलीवर पीएच न्यूट्रल (म्हणजे ॲसिडही नाही, क्षारही नाही) लिहिलेलं बघून. काम सकाळी सावलीत करा, गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. तापलेल्या चाकावर कुठलंच रसायन मारायचं नाही. आधी शाम्पूने धुवा, पाणी निथळू द्या, मग फवारा. मिनिटभरात ठिपक्यांभोवती रंग सुटायला लागेल आणि जांभळाचा रस सांडावा तसे ओघळ खाली येतील. बाटलीतलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं, त्याचा तो रंग. पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्येही याच जातीचं रसायन असतं, त्यामुळे वास कुजक्या अंड्याकडे झुकणारा येईल. हातमोजे घाला, फवारा तोंडावर येणार नाही असे उभे राहा.

तीन-चार मिनिटं ठेवा, पण सुकू देऊ नका. मऊ केसांचा रंगाचा ब्रश घ्या आणि त्याच्या पत्र्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर तो पत्राच ओरखडे काढतो. बेचक्यातून ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुवा. एकदा मारून भागणार नाही, दोन-तीनदा करावं लागेल. नंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटं फिरवा, डोळ्यांना न दिसणारी खरखर पिशवीतून लागते. तेवढ्याच जागी क्ले बार (रुतलेले कण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवा, शाम्पूच्या पाण्याने ओलं ठेवून. गाडी काढल्यावर पहिले काही ब्रेक हलके मारा, डिस्क ओली असते.

आता महत्त्वाचं. डावं चाक जास्त खराब, हे तुम्ही शेवटी लिहिलंत, मला तेच सगळ्यात आधी खटकलं. पुढची दोन्ही चाकं साधारण सारखीच काळी व्हायला हवीत. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या की पॅड डिस्कला सोडत नाही, पाय काढला तरी घासत राहतो. या शनिवारी घाट उतरलात की गाडी बाजूला घ्या आणि दोन्ही चाकांजवळ हात न्या. लावू नका, भाजेल. डावीकडे धग जास्त लागली तर धुवायचं राहू द्या, आधी मेस्त्रीकडे जा. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर सगळा भार टाकू नका.

सह्याद्री_स्वार:
पाना भाऊ, हे माहीत नव्हतं. ती गाडी मी लगेच विकली, पुढे चाकांचं काय झालं ते पाहिलंच नाही. वरचा माझा सल्ला कुणी घेऊ नये.

कोयनाकाठ:
तीन आठवड्यांनी लिहितोय. घाटाखाली पोफळीला उतरून हात नेला. उजवीकडे ऊब होती, डावीकडे तव्यासमोर हात धरल्यासारखं झालं. सोमवारी मेस्त्रींनी चाक काढलं. खालची पिन जाम, ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं. आतला पॅड जेमतेम २ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ६. दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, पिना साफ करून नवीन ग्रीस आणि पिनांवरचे रबर बूट (टोपणं). आईला घेऊन याच गाडीतून घाट चढत-उतरत होतो, ते आठवून अजून पोटात गोळा येतो. पाना भाऊ, तुमचे मनापासून आभार.

मग चाकं. उजवं दोन वेळांत निघालं, डाव्याला चार वेळा मारावं लागलं. ओघळ बघून आई म्हणाली, जांभळं चेचलीस की काय. दोन्ही चाकं उजळली, पण डाव्यावर एका नटाजवळ पाच-सहा ठिपके राहिलेत. पिशवीतून खरखर लागत नाही, नुसते दिसतात. अजून एकदा मारू का?

पाना_१३:
नका मारू. खरखर नाही म्हणजे लोखंड निघालंय, लॅकरला पडलेला डाग उरलाय. तो घासाल तर लॅकर जाईल. चाक कोरडं करून वॅक्सचा एक हात द्या आणि महिन्याभराने डाव्या-उजव्याचा काळेपणा पुन्हा शेजारी शेजारी बघून इथे कळवा.